कंपनीचं नाव एक, पाटीवरचं दुसरं

‘कंपनी एका नावाने काढली, आता दुकान दुसऱ्या नावाने टाकायचंय. त्या नावाची नोंदणी कुठे करायची?’ अमरावती-अकोल्याकडच्या वाचकांचा हा प्रश्न फिरून फिरून येतो. कुणाची अकोल्याच्या एमआयडीसीत डाळमिल आहे आणि पाकीटबंद डाळ वेगळ्या नावाने बाजारात आणायची आहे. कुणाचा बिझिलँडला कापडाचा ठोक धंदा आहे आणि राजापेठेत किरकोळ शोरूम काढायचं ठरलंय. कुणाच्या कंपनीला आजोबांचं नाव दिलेलं, तेही आडनावासकट; लेकीला कॅफेसाठी सुटसुटीत नाव हवंय.

दुसरं नाव वापरायला कायद्याची आडकाठी नाही. मात्र अशा नावाची नोंदणी करून हातात एक प्रमाणपत्र ठेवणारं एखादं कार्यालय आपल्याकडे नाही. अमेरिकेतला पुतण्या ‘डीबीए (डूइंग बिझनेस ॲज) फाइल करा, झालं’ असं सांगतो तेव्हा तो तिकडच्या राज्यांची आणि काउंट्यांची पद्धत सांगत असतो. इथे तेच काम चार-पाच ठिकाणी तुकड्यातुकड्याने होतं. त्यातल्या एखाद्या ठिकाणी नाव चढलं की बरेच जण समजतात, नाव आपल्या मालकीचं झालं. पुढचे बहुतेक घोटाळे या समजातून होतात.

आधी तीन प्रश्न वेगळे करा

- तुम्ही कोण? याचं उत्तर म्हणजे कंपनीचं कायदेशीर नाव. निगमन प्रमाणपत्रावर आणि पॅनवर आहे ते, अगदी ‘प्रायव्हेट लिमिटेड’सकट. खटला, कर्ज, करार, कर सगळं याच नावावर चालतं.
- लोक तुम्हाला काय म्हणतात? हे व्यापारी नाव. ते जीएसटीत, दुकानाच्या नोंदीत, बँकेत कळवायचं असतं. ही नुसती नोंद असते. तेच नाव दुसऱ्या कुणी आधी कळवलंय का, हे जीएसटी खातं पाहत नाही. एकाच बाजारात एकाच व्यापारी नावाची दोन दुकानं जीएसटीत सुखेनैव नांदू शकतात.
- नाव कुणाच्या मालकीचं? हा प्रश्न ट्रेडमार्कचा. शॉप ॲक्ट, उद्यम, जीएसटी, एफएसएसएआय यांपैकी कशातूनही नावाची मालकी मिळत नाही.

या लेखात उदाहरणासाठी कंपनीचं नाव ‘अबक फूड प्रोसेसिंग प्रायव्हेट लिमिटेड’ आणि व्यापारी नाव ‘कखग’ धरू.

दुसरं नाव, नवं नाव, की नवी कंपनी?

फ्लेक्सवाल्याकडे जाण्याआधी हे ठरवा. एका दुकानापुरतं किंवा एका मालापुरतं वेगळं नाव हवं असेल तर व्यापारी नाव पुरेसं आहे. कंपनीचं घटनापत्रक त्यासाठी बदलावं लागत नाही. धंदा मात्र घटनापत्रकात लिहिलेल्या उद्दिष्टांत बसायला हवा. डाळमिलच्या कंपनीने कॅफे काढायचा आणि उद्दिष्टांत खानपानाचा उल्लेखच नाही, असं असेल तर आधी उद्दिष्टांचं कलम दुरुस्त करून घ्या. नावाच्या गडबडीत हे हमखास राहून जातं.

जुनं नाव कंपनीलाच नकोसं झालं असेल तर कंपनीचं नाव बदला. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३ प्रमाणे त्याला विशेष ठराव लागतो. आधी ‘रन’ या ऑनलाइन सेवेत १,००० रुपये भरून नाव राखून घ्यायचं. दोन पर्याय देता येतात, आणि मंजूर नाव ६० दिवस राखलं जातं. त्या मुदतीत ठराव करायचा, एमजीटी-१४ आणि आयएनसी-२४ हे अर्ज भरायचे, की नवं निगमन प्रमाणपत्र मिळतं. वार्षिक विवरणपत्रं थकली असतील तर नावबदल होत नाही, तेव्हा तो हिशोब आधी मिटवा. नावबदलानंतर पॅन, जीएसटी, बँक, वीजबिल, परवाने सगळीकडे बदल करावा लागतो आणि दोन वर्षं पाटीवर, बिलावर नव्या नावासोबत जुनंही छापावं लागतं. दोन-तीन लाखांच्या दुकानासाठी एवढी उठाठेव कुणी करू नये, असं माझं मत आहे.

नवी कंपनी किंवा एलएलपी काढण्याला अर्थ दोनच वेळा आहे: नव्या धंद्यात वेगळा भागीदार येत असेल, किंवा त्या धंद्याची जोखीम जुन्या कंपनीवर येऊ द्यायची नसेल. नुसतं नाव आवडलं म्हणून दुसरी कंपनी काढली तर दरवर्षी दुसरं ऑडिट आणि दुसरी विवरणपत्रं गळ्यात पडतात.

नाव ठरवताना

निदान तीन ठिकाणी शोध घ्या. कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपन्यांची नावं पाहता येतात, ट्रेडमार्क नोंदवहीचा शोध फुकट आहे, आणि इंटरनेटवरचा पत्ता उपलब्ध आहे का हेही तिथल्या तिथे कळतं. ट्रेडमार्कचा शोध घेताना उच्चारावरून शोधण्याचा पर्याय वापरा. तुम्ही ‘व्ही’ने लिहाल, दुसऱ्याने ‘डब्ल्यू’ने लिहिलं असेल, कानाला दोन्ही सारखीच, आणि वाद कानावरूनच होतो.

काही नावं टाळलेली बरी, काही टाळावीच लागतात.

- बोधचिन्हं व नावं यांचा गैरवापर रोखणारा १९५० चा केंद्रीय कायदा धंद्यासाठी काही नावं वापरू देत नाही. त्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावं आहेत, ‘शिवाजी’ हा शब्दही आहे. गावोगावी तशा पाट्या दिसतात हे खरं; म्हणून तुमचा अर्ज मंजूर होईल असं नाही.
- ‘नॅशनल’, ‘बोर्ड’, ‘बँक’, ‘इन्शुरन्स’ अशा शब्दांना कंपनीच्या नावात परवानगी लागते. व्यापारी नावात ते घातले तर ग्राहकाची दिशाभूल झाल्याची तक्रार होऊ शकते.
- व्यापारी नावाच्या शेवटी ‘लिमिटेड’ किंवा ‘प्रा. लि.’ लावू नका. त्या नावाची कंपनी नसताना हे शब्द वापरले तर कंपनी कायद्याच्या कलम ४५३ खाली दिवसाला ५०० ते २,००० रुपये दंड आहे. ‘कखग’ ही कंपनी नाही. कंपनी ‘अबक’ आहे.
- गावाचं नाव अधिक मालाचं नाव, म्हणजे ‘अकोला तूरडाळ’ किंवा ‘अमरावती साडी’ असली जोडणी पाटीवर छान दिसते. पण मालाचं नुसतं वर्णन करणाऱ्या नावाला ट्रेडमार्क मिळणं फार कठीण असतं.
- ‘नागपूर संत्रा’ हे भौगोलिक मानांकन मिळालेलं नाव आहे. संत्र्याच्या मालावर ते घालायचं तर भौगोलिक मानांकनाच्या कायद्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते.

दुसऱ्याच्या ब्रँडची शाखा चालवायला घेतली असेल तर नाव त्यांचं असतं, तुम्हाला फक्त वापराची परवानगी. ती लेखी घ्या. जीएसटीत नाव घालताना आणि बँकेत तीच दाखवावी लागते.

पहिली पायरी: संचालक मंडळाचा ठराव

नवरा-बायको दोघंच संचालक असलेल्या कंपन्यांत ठराव म्हणजे सीएने वर्षाअखेरी लिहून द्यायचा कागद, अशी समजूत असते. इथे तो आधी हवा, कारण पुढे जीएसटी आणि बँक दोघंही तो मागतात. मजकूर साधाच पुरतो:

*‘ठरवण्यात आले की, अबक फूड प्रोसेसिंग प्रायव्हेट लिमिटेड ही कंपनी आपला किरकोळ विक्रीचा व्यवसाय (दुकानाचा पूर्ण पत्ता) येथे “कखग” या व्यापारी नावाने करील. सदर नावाने होणारे सर्व व्यवहार कंपनीचे असतील. सदर नाव व त्यासंबंधीचे सर्व हक्क कंपनीच्या मालकीचे राहतील. जीएसटी, दुकान नोंदणी, बँक, अन्न परवाना व ट्रेडमार्क यांसाठी अर्ज व सह्या करण्याचे अधिकार संचालक श्री./श्रीमती … यांना देण्यात येत आहेत.’*

यातलं ‘हक्क कंपनीच्या मालकीचे’ हे वाक्य गाळू नका. का, ते पुढे येईल. इंग्रजी स्पेलिंगही ठरावातच पक्कं करा. एका ठिकाणी शेवटी ‘ए’, दुसरीकडे डबल ‘ए’ असं झालं की बँकेतला कारकून फाइल परत करतो, आणि त्याचं चुकलेलं नसतं.

दुसरी पायरी: जीएसटीत व्यापारी नाव

दुसऱ्या नावाचा सगळ्यात उपयोगी सरकारी पुरावा म्हणजे जीएसटी प्रमाणपत्र. त्यावर कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव असे दोन रकाने असतात. कायदेशीर नाव पॅनवरून येतं, ते तिथे बदलता येत नाही. व्यापारी नाव बदलता येतं, आणि आधीचं ठेवून आणखी नावं जोडायचीही सोय आहे.

1. पोर्टलवर ‘सर्व्हिसेस’मधून ‘रजिस्ट्रेशन’मध्ये जा आणि मुख्य रकान्यांच्या दुरुस्तीचा अर्ज उघडा. हाच आरईजी-१४.
2. ‘बिझनेस डिटेल्स’च्या पानावर व्यापारी नाव भरा, बदलाचं कारण आणि तारीख लिहा.
3. ठराव जोडा. नवं दुकान वेगळ्या जागी असेल तर त्याच अर्जात व्यवसायाची अतिरिक्त जागा म्हणून तेही घाला. भाडेकरार आणि वीजबिल लागेल.
4. कंपनीच्या अर्जावर डिजिटल सही लागते. ती संपलेली नाही ना, हे आधी पाहा.

बदल झाल्यापासून १५ दिवसांत हा अर्ज करायचा असतो. सरकारी शुल्क नाही. अधिकाऱ्याने १५ कामाच्या दिवसांत निर्णय द्यायचा. शंका असेल तर आरईजी-०३ ही नोटीस येते आणि तिला ७ कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नोटीस पोर्टलवर आणि ईमेलवर येते. नोंदणीच्या वेळी अर्ज भरणाऱ्याने स्वतःचा ईमेल टाकला असेल तर ती तुम्हाला दिसणारही नाही, म्हणून संपर्काचा ईमेल आणि मोबाइल तुमचाच आहे याची खात्री करा. मुदतीत काहीच निर्णय आला नाही तर दुरुस्ती मंजूर धरली जाते.

याचा व्यवहारात फायदा असा. कापडबाजारातला तुमचा व्यापारी गिऱ्हाईक महिन्याच्या शेवटी जीएसटीआर-२बी काढतो, तिथे पुरवठादाराचं नाव ‘व्यापारी/कायदेशीर नाव’ या रकान्यात येतं. पाटीवर ‘कखग’, बिलावर ‘कखग’ आणि त्याच्या पडद्यावर भलतंच नाव असलं की त्याचा मुनीम फोन करत बसतो किंवा पैसे अडकवतो.

बाकीच्या नोंदी

दुकानाची नोंद महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा २०१७ खाली ऑनलाइन होते. कामगार थोडे असतील तर नुसती सूचना द्यायची, जास्त असतील तर नोंदणी करायची. आस्थापनेचं नाव म्हणून ‘कखग’ आणि मालक म्हणून कंपनी, अशी नोंद करा.

उद्यम नोंदणी एका पॅनला एकच. कंपनीची आधीच असेल तर नव्या दुकानासाठी दुसरी काढू नका. आहे त्यातच जागा आणि काम वाढवा. ही नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. पैसे मागणारी, सरकारी असल्याचा आव आणणारी संकेतस्थळं पुष्कळ आहेत.

खाद्यपदार्थांचा धंदा असेल तर प्रत्येक जागेला अन्न परवाना वेगळा लागतो. पाकिटावर ब्रँड कितीही ठळक छापा, उत्पादक किंवा पॅक करणारा म्हणून कंपनीचं नाव-पत्ता छापलेला हवाच. पाकीटबंद माल सुरू केल्यापासून ९० दिवसांत वैधमापनशास्त्र खात्याकडे पॅकर म्हणून नोंदणीचा अर्ज करायचा असतो. डाळ आणि बेसन घरगुती पाकिटांतून विकायला लागलेल्या मिलवाल्यांना हा नियम तपासणीच्या दिवशी कळतो.

कृषी केंद्र चालवत असाल तर बियाणं, खत आणि कीटकनाशक यांचे परवाने वेगवेगळे आहेत. पाटीवर नवं नाव चढवण्याआधी तिन्हींवर ते घ्या. पेरणीच्या तोंडावर यातलं काही करायला जाऊ नका. कृषी खात्याला तेव्हा उसंत नसते.

बँक आणि क्यूआर कोड

चालू खातं कंपनीच्या नावावरच असतं. जीएसटी प्रमाणपत्र आणि ठराव दाखवल्यावर काही बँका खात्याच्या नावापुढे व्यापारी नाव जोडून देतात, काही देत नाहीत. दुकान उघडण्याआधी शाखेत लेखी अर्ज द्या आणि ‘कखग’च्या नावाने आलेला चेक वटेल का, हे विचारा. ‘नाही’ असं उत्तर आलं तर बिलाच्या तळाशी छापून टाका: ‘चेक अबक फूड प्रोसेसिंग प्रायव्हेट लिमिटेड या नावाने द्यावा.’

क्यूआर कोड काउंटरवर चिकटवण्याआधी स्वतःच्या फोनवरून एक रुपया पाठवून पाहा. पैसे देणाऱ्याला कोणतं नाव दिसतं? पाटीवर ‘कखग’ आणि फोनवर संचालकाच्या मेहुण्याचं नाव दिसलं की गिऱ्हाईक थबकतं. दुसरं म्हणजे तो पैसा कंपनीच्या खात्यात जातच नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक

‘दुकानाच्या नावाने चालू खातं हवंय’ म्हणून संचालक सेवा केंद्रात किंवा एखाद्या एजंटकडे जातो. एजंट आधार मागतो, स्वतःचा पॅन मागतो, आणि दोन तासांत शॉप ॲक्ट आणि उद्यम प्रमाणपत्र हातात ठेवतो. बँकेत खातंही उघडतं. काम झालं असं वाटतं.

प्रत्यक्षात काय झालेलं असतं? कंपनीचं दुसरं नाव नोंदवलेलंच नसतं. संचालकाच्या वैयक्तिक मालकीचा एक नवा धंदा जन्माला आलेला असतो, कारण पॅन त्याचा आहे. कायद्याच्या नजरेत कंपनी आणि संचालक या दोन वेगळ्या व्यक्ती. माल कंपनीच्या जीएसटीवर खरेदी होतो आणि विक्रीचा पैसा संचालकाच्या खात्यात जमा होतो. मग आयकर खातं विचारतं, हे उत्पन्न कुणाचं? जीएसटी खातं विचारतं, कंपनीकडून या दुकानाला माल कोणत्या बिलावर गेला? कंपनीला कर्ज देणारी बँक विचारते, विक्री कमी का दिसते? आणि कंपनीत दुसरा संचालक असेल तर तो विचारतो, माझा वाटा कुठे गेला?

असं आधीच झालं असेल तर लपवू नका. सीएबरोबर बसून एक तारीख ठरवा. त्या तारखेपासून विक्री कंपनीच्या जीएसटीवर घ्या, शिल्लक मालाचं बिल करा, वैयक्तिक नावाची उद्यम आणि दुकान नोंद रद्द करा, खातं बंद करा. आधीच्या काळाचा कर कुणाच्या विवरणपत्रात दाखवायचा हे प्रत्येक प्रकरणात वेगळं असतं, तिथे ऐकीव सल्ला उपयोगाचा नाही.

आपल्याला कोणता कागद मिळतोय हे ओळखायची खूण सोपी आहे. प्रमाणपत्रावर ‘संस्थेचा प्रकार’ या रकान्यात ‘प्रोप्रायटरी’ लिहिलं असेल तर तो कागद तुमच्या कंपनीचा नाही.

पाटी, बिल आणि सही

दुसरं नाव घेतलं म्हणून पहिलं लपवता येत नाही. कंपनी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जिथे जिथे कंपनीचा धंदा चालतो त्या प्रत्येक जागेच्या बाहेर कंपनीचं नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता ठळक लावायचा असतो, तोही तिथल्या चालू भाषेच्या लिपीत. बिलं, पत्रं, सूचना यांवर नाव, पत्ता, कंपनीचा ओळख क्रमांक, फोन आणि ईमेल हवा. कसूर झाली तर दिवसाला १,००० रुपये, जास्तीत जास्त एक लाख. कंपनीला वेगळे आणि जबाबदार संचालकाला वेगळे. जीएसटीच्या नियमानुसार प्रवेशाशी नावाच्या पाटीवर जीएसटी क्रमांक आणि आत प्रमाणपत्र लावायचं असतं.

मराठी पाटीचा नियम आता सगळ्यांना लागू आहे. दुकाने व आस्थापना कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने थोड्या कामगारांची दुकानंही त्यात आली. मराठी अक्षरं देवनागरीत, आधी आणि इतर लिपीपेक्षा लहान नाहीत, अशी हवीत. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिने दिले होते. ती मुदत केव्हाच संपली. इतर भाषा सोबत चालतात. मद्यविक्रीच्या आस्थापनांना थोर व्यक्तींची आणि गडकिल्ल्यांची नावं लावता येत नाहीत. पातूर नगर परिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू असण्याचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता आणि एप्रिल २०२५ मध्ये कोर्टाने उर्दू राहू दिली. तो निकाल नगर परिषदेच्या पाटीबद्दलचा आहे, दुकानाच्या पाटीला हा २०१७ चा कायदा लागू.

म्हणजे पाटी साधारण अशी होईल: वर मोठ्या अक्षरात ‘कखग’; खाली, रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या अक्षरात, ‘अबक फूड प्रोसेसिंग प्रायव्हेट लिमिटेड’, नोंदणीकृत पत्ता आणि जीएसटी क्रमांक. पेंटर म्हणेल, पाटी भरगच्च दिसते. दिसू द्या.

सहीचा मुद्दा याहून मोठा आहे. भाडेकरार, मालाची ऑर्डर, उधारीची कबुली यांवर नुसतं ‘कखगकरिता’ लिहून सही करू नका. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २३० नुसार ज्याच्या वतीने सही केली त्याचं नावच सांगितलं नाही, तर सही करणारा स्वतः बांधला गेला असं गृहीत धरलं जातं. कंपनी काढली ती वैयक्तिक घरदार धोक्यात येऊ नये म्हणून. ते संरक्षण एका रबरी शिक्क्यापायी जाऊ शकतं. शिक्का असा बनवून घ्या: ‘अबक फूड प्रोसेसिंग प्रायव्हेट लिमिटेड (व्यापारी नाव: कखग) करिता’, खाली ‘संचालक’.

नाव स्वतःचं करायचं असेल तर

पाटी उतरवून उद्या दुसरी लावली तरी फरक पडणार नाही, अशा दुकानाला ट्रेडमार्कची घाई नाही. पण माल पाकिटातून गावाबाहेर जात असेल, ऑनलाइन विकत असाल किंवा शाखा द्यायच्या असतील तर पहिल्याच महिन्यात अर्ज करा.

अर्ज टीएम-ए, ऑनलाइन. प्रत्येक वर्गाला ९,००० रुपये. उद्यम नोंदणी असलेल्या लघु उद्योगाला ४,५००. मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. आपल्याकडे बहुधा लागणारे:

- २९: खाद्यतेल, लोणची
- ३०: बेसन, पीठ, मसाले
- ३१: बियाणं, कच्चं धान्य
- २४ आणि २५: कापड, तयार कपडे
- ३५: दुकानाची विक्रीसेवा
- ४३: हॉटेल, कॅफे

पैसा एकाच वर्गापुरता असेल तर ज्यातून खरी कमाई होते तो घ्या. नुसतं दुकान म्हणून ३५ घेऊन पाकीट उघडं टाकू नका. नाव आधीपासून वापरात असेल तर अर्जात वापर सुरू झाल्याची तारीख द्या. तिला प्रतिज्ञापत्र आणि पुरावा जोडावा लागतो. जुनी बिलं, ‘देशोन्नती’ किंवा ‘हिंदुस्थान’मध्ये दिलेल्या जाहिरातींची कात्रणं, प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती, छापखान्याचं बिल असं सगळं तारखेसकट जपून ठेवा.

महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या ट्रेडमार्क कार्यालयाखाली येतात, पण सगळं ऑनलाइन असल्यामुळे चकरा माराव्या लागत नाहीत. तपासणीनंतर नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये येतं. चार महिन्यांत कुणी हरकत घेतली नाही तर नोंदणी होते आणि अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं टिकते. अर्ज केल्यावर नावापुढे ‘टीएम’ लिहा. गोलातलं ‘आर’ नोंदणी झाल्यावरच, आधी लावलं तर तो गुन्हा धरला जातो. नोंदणी झालेल्या ट्रेडमार्कच्या खर्चापोटी केंद्राच्या ‘एमएसएमई इनोव्हेटिव्ह’ योजनेत १०,००० रुपयांपर्यंत परतफेडीची तरतूद आहे. चालू अटी जिल्हा उद्योग केंद्रात विचारा.

अर्ज कुणाच्या नावाने?

ठरावातल्या त्या वाक्याचं कारण इथे आहे. कंपनी दोघा भावांची, आणि ट्रेडमार्कचा अर्ज थोरल्याने स्वतःच्या नावाने केला, कारण त्या दिवशी त्याचंच आधार हाताशी होतं. दहा वर्षांनी वाटण्या होतात. दुकान धाकट्याकडे, नाव थोरल्याकडे. धाकट्याने पाटी लावली तर तो स्वतःच्याच दुकानात नावाचं उल्लंघन करणारा ठरतो. अमरावतीच्या जवाहर गेटपासून अकोल्याच्या टिळक रोडपर्यंत एकाच आडनावाची, पुढे ‘ओरिजिनल’, ‘जुने’, ‘न्यू’ जोडलेली दुकानं तुम्ही पाहिलीच असतील.

अर्ज कंपनीच्या नावाने करा. काही कारणाने नाव घरातल्या एकाच्या मालकीचं ठेवायचं असेल तर कंपनीला वापराचा लेखी परवाना द्या, त्यात मुदत आणि मोबदला लिहा. भागधारकांच्या करारात एक कलम घाला: वेगळं झाल्यावर नाव कुणाकडे, आणि दुसऱ्याने किती काळात पाटी उतरवायची. हे बोलायला अवघड जातं, मान्य. वाद सुरू झाल्यावर मात्र ते बोलणं वकिलांमार्फतच होतं.

कुणी तुमचं नाव उचललं तर

- त्याचा ट्रेडमार्क अर्ज अजून जर्नलच्या चार महिन्यांत असेल तर विरोध नोंदवा. मुदत हुकली तर नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो, तो रस्ता लांबचा.
- त्याने नोंदणी केली असली तरी तुमचा वापर त्याच्या वापराच्या आणि नोंदणीच्या आधीपासून अखंड असेल, तर ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३४ तुम्हाला संरक्षण देतं. तो तुम्हाला थांबवू शकत नाही. पुरावा मात्र तुम्ही द्यायचा, म्हणून ती कात्रणं.
- तुमची नोंदणी नसली तरी, दुसरा आपला माल तुमचा म्हणून खपवतोय असा दावा करता येतो. तिथे बाजारात तुमची पत होती हे सिद्ध करावं लागतं. नोंदणी असेल तर हा भार हलका होतो, आणि दावा तुम्ही धंदा करता तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. सुरतच्या व्यापाऱ्यासाठी सुरतला जावं लागत नाही.
- कुणी तुमच्या नोंदलेल्या ट्रेडमार्कच्या नावाने कंपनीच काढली, तर तीन वर्षांच्या आत कंपनी कायद्याच्या कलम १६ खाली केंद्राच्या प्रादेशिक संचालकांकडे अर्ज करता येतो. आदेश झाला तर त्या कंपनीला तीन महिन्यांत नाव बदलावं लागतं.

हेच उलट्या बाजूनेही लक्षात ठेवा. दुसऱ्याचा नोंदलेला ट्रेडमार्क तुम्ही त्याच मालासाठी दुकानाचं नाव म्हणून वापरलात, तर जीएसटी प्रमाणपत्रावर ते नाव असणं हा बचाव होत नाही.

दुकान बंद केलं तर

व्यापारी नाव आपोआप मिटत नाही. आरईजी-१४ मधूनच ते नाव आणि ती जागा काढून टाका, दुकान बंद झाल्याचं आस्थापना पोर्टलवर कळवा, अन्न परवाना परत करा, क्यूआर कोड बंद करायला लावा. भाडेकरूने सोडलेल्या गाळ्यावर जुनी पाटी आणि जुना जीएसटी क्रमांक तसाच राहिला तर उद्याची नोटीस कंपनीच्या नावाने येईल. जागामालकाकडून ताबापावती घेताना पाटी उतरवल्याचाही उल्लेख करून घ्या. ट्रेडमार्क मात्र लगेच सोडू नका. नोंदणीनंतर सलग पाच वर्षं वापर नसेल तरच न वापरल्याच्या कारणावरून तो रद्द करायची मागणी दुसरा करू शकतो. तोवर नाव विकता येतं, कुणाला वापरायला देता येतं, किंवा पुढच्या दुकानासाठी ठेवून देता येतं.